गाडी वेळेवर; पण चालकाच्या झोपेचे काय?

वास्कोहून हजरत निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्स्प्रेस भुसावळनंतर बऱ्हाणपूरमार्गे खंडव्याकडे धावते. असीरगड रोड, नेपानगर असा सातपुड्यातून जाणारा हा मार्ग रात्रीही प्रवासी व मालगाड्यांनी गजबजलेला असतो. प्रवासी निद्राधीन असताना इंजिनातील लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल मोठ्याने उच्चारून परस्परांची खातरजमा करीत असतात. या दोघांची झोप हा रेल्वे सुरक्षेतील कळीचा, तरीही दुर्लक्षित प्रश्न आहे.

मेल-एक्स्प्रेस गाड्यांच्या चालकांची पाळी ‘लिंक’नुसार आधीच ठरलेली असते. मालगाडीच्या चालकाला मात्र लॉबीतून बोलावणे येईल तेव्हा निघावे लागते. परिणामी आज दुपारी, उद्या मध्यरात्री अशी ड्युटी येते आणि झोपेला ठरावीक वेळ उरत नाही.

१९७३ च्या संपानंतर चालकांची ड्युटी दहा तासांपुरती मर्यादित ठेवण्याचे आश्वासन सरकारने दिले होते. सध्या गाडी चालविण्याचा काळ साधारणतः ९ तास, तर हजेरीपासून सुटकेपर्यंतचा काळ ११ तास इतका मर्यादित आहे. पूर्ण ड्युटीनंतर मुख्यालयी १६ तास आणि बाहेरगावच्या रनिंग रूममध्ये ८ तास विश्रांती मिळते. याखेरीज महिन्यातून ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच नियतकालिक विश्रांती देय असतात.

कागदावर हा हिशेब जुळतो. शरीराचा जुळतोच असे नाही. पहाटे साधारण दोन ते पाच या वेळेत मेंदूची सतर्कता सर्वांत कमी असते. दिवसा घेतलेली झोप उजेड, उकाडा व गोंगाटामुळे तुटक होते. त्यामुळे सलग रात्रपाळ्यांत झोपेची थकबाकी वाढत जाते. म्हणूनच सलग रात्रपाळ्या चारऐवजी दोनच असाव्यात, अशी चालक संघटनांची मागणी आहे. मुख्यालयातील १६ तासांत साप्ताहिक विश्रांतीचे ३० तास मिळवून सलग ४६ तास द्यावेत, यासाठी जून २०२४ मध्ये दक्षिण रेल्वेतील चालकांनी आंदोलनही केले.

हवाई वाहतूक नियंत्रकांपुढेही हाच पेच आहे. अमेरिकेने २०२४ मध्ये त्यांच्यासाठी दोन पाळ्यांमध्ये किमान १० तास, तर मध्यरात्रीच्या पाळीपूर्वी १२ तास विश्रांती ठरविली. रात्रीच्या कामाचा भार वेगळा मोजावा लागतो, हे त्यातून मान्य झाले.

इंजिनातील दक्षता यंत्रणा चालकाची काही काळ हालचाल न झाल्यास इशारा देते आणि प्रतिसाद न मिळाल्यास ब्रेक लावते. ‘कवच’ प्रणाली धोक्याचा सिग्नल ओलांडू देत नाही. ही साधने आवश्यकच आहेत. मात्र ती चूक घडू लागल्यावर धावून येतात. ड्युटीपूर्वी चालकाने मद्य घेतले आहे का, हे श्वासचाचणीत कळते. तो किती तास झोपला, हे कळत नाही. ते ठरते पाळीच्या तक्त्यावर. त्यामुळे सुधारणेची सुरुवातही तेथूनच व्हावी लागेल.