वंशवादाचा आरोप आणि आडनावांच्या याद्या

१९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या शिवसेनेने पुढील वर्षीच ठाण्याची नगरपालिका जिंकली. दाक्षिणात्यांविरुद्धच्या तिच्या मोहिमेस टीकाकारांनी 'वंशवादी' म्हटले. संघटनेचे उत्तर असे, की तंटा नोकऱ्यांचा आणि भाषेचा आहे, रक्ताचा नव्हे.

'द्राविड' हे मूलतः भाषाकुलाचे नाव होय. काल्डवेलच्या १८५६ मधील व्याकरणाने ते रूढ केले. त्यावरून वंश ठरविणे अशास्त्रीयच. तेवढ्यापुरते संघटनेचे उत्तर ग्राह्य आहे. परंतु 'मार्मिक' साप्ताहिकाने 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली कंपन्यांतील परप्रांतीय अधिकाऱ्यांची नावे छापली, तेव्हा कसोटी कोणती होती? आडनावाची. आडनावावरून मनुष्य कोणती भाषा बोलतो हे कळत नाही. फार तर तो कोणाच्या घरी जन्मला एवढे कळते. ठाण्याच्या कोपरीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले. त्यांच्यापैकी एखाद्याची मुले मराठी शाळेत शिकली, तर भाषेच्या कसोटीने ती इथलीच. यादीच्या कसोटीने मात्र परकी. (मराठी आडनावांची अशी यादी बंगळुरात छापली गेली असती, तर आपण तिला काय म्हटले असते?)

संयुक्त राष्ट्रांच्या १९६५ च्या करारातील वंशभेदाच्या व्याख्येत वंश व वर्ण यांबरोबर कूळ आणि राष्ट्रीय वा वांशिक मूळ यांचाही समावेश आहे, भाषेचा नाही. मराठीच्या आग्रहाला वंशवाद म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे. त्या याद्यांविषयी मात्र तसे म्हणता येत नाही.