आंब्याखालचा कढीपत्ता

कवठे महांकाळात दारापुढे झाड लावायचे म्हटले की जागेआधी पाण्याचा विचार येतो. म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी उचलून तालुक्यात आणले. अंगणातल्या झाडाला मात्र उन्हाळ्यात घागरभर पाणी मिळाले तरी पुष्कळ. म्हणून अंगणात आंबा किंवा कडुनिंब असेल, तर त्याच्या विरळ सावलीत कढीपत्ता लावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

कढीपत्ता मूळचा आपल्याच जंगलांतला, मोठ्या झाडांखाली वाढणारा. फार तर दोन-तीन पुरुष उंच होतो. सावली सोसतो, पण गच्च अंधारात पाने विरळ येतात. सकाळचे ऊन त्याला हवेच. कर्नाटकची हद्द जवळ असल्याने इकडे ‘करिबेवू’ हे कानडी नावही कानावर येते. त्याचा शब्दशः अर्थ काळा कडुनिंब. पान तसेच दिसते. चव मात्र, अल्हम्दुलिल्लाह, वेगळी!

बी ताजेच पेरावे. काळे पिकलेले फळ चोळून गर काढावा आणि लगेच लावावे. ठेवलेले बी काही आठवड्यांतच निकामी होते. बी विषारी मानतात, तेव्हा लहान मुलांना चघळू देऊ नका. त्याहून सोपे म्हणजे जुन्या झाडाच्या मुळांतून आलेला फुटवा पावसाळ्यात मुळासकट काढून लावणे. असे फुटवे बहुतेक अंगणांत फुकट मिळतात. रोपवाटिकेत कशाला जायचे?

पाण्याची सोय घरातच आहे. पाच वेळच्या वुजूचे पाणी मोरीतून गटारात जाते, ते छोटी चर खणून झाडाकडे वळवा. साबणाचे पाणी त्यात नको. काळी जमीन पाणी धरून ठेवते, म्हणून खड्ड्यात मुरूम मिसळा आणि चर खोडापासून हातभर दूर ठेवा. रोज पाणी मुरते तिथे मुळे कुजण्याचीच भीती जास्त.

पाने ओरबाडू नका, शेंडा खुडा. खाली दोन फांद्या फुटतात. लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या यावरही येतात. सुरुवातीला त्या पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात, मग हिरव्या होतात. हाताने वेचून काढा, औषध मारू नका. हे पान थेट खट्ट्या दालीत जाते. शेजारी द्राक्षबाग असेल तर फवारणीनंतर काही दिवस पाने तोडू नका, नंतरही धुऊनच वापरा. वारा बांध ओळखत नाही.