बीव्हरचा बांध, वनराईच्या गोण्या
झाडे कुरतडून ओढ्यावर बांध घालणारा बीव्हर हा कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या दातांचा प्राणी, भारतात आढळत नाही. स्कॉटलंडच्या नॅपडेल वनात मात्र २००९ मध्ये तो पुन्हा सोडला गेला. त्याच्या बांधांमुळे प्रवाह मंदावून पुराचा जोर घटतो आणि पाणी जमिनीत मुरते. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड-शहापूरच्या डोंगराळ पट्ट्यात, धसईसारख्या गावांच्या परिसरात, पाणी मुरवण्याचे असे काम वनराई बंधारे, म्हणजे पावसाळा संपताना माती-वाळूने भरलेल्या गोण्या ओढ्यात रचून केलेले तात्पुरते बांध, करू शकतात. त्यांमुळे विहिरींचे पाणी अधिक काळ टिकते, वाल-हरभऱ्याला ओल मिळते आणि बायकांची हंड्यासाठीची पायपीट लांबणीवर पडते. मुंबईची तहान भागवणारी भातसा व तानसा ही धरणे शहापूर तालुक्यातच असूनही तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, ही विसंगती जुनीच. बीव्हर आपला बांध स्वतःच दुरुस्त करतो. गोण्या मात्र दरवर्षी नव्याने रचाव्या लागतात.