रंगांधळेपणाचा दोष आईच्या माथी का?

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका अभ्यासिकेतला मुलगा रेल्वेच्या लोको पायलटची परीक्षा पास झाला आणि मेडिकलला बाद झाला. रंगीत ठिपक्यांतला आकडा त्याला दिसलाच नाही. घरी बोलणी मात्र आईने खाल्ली, "तुझ्याच माहेरकडून आलंय!" म्हणून हे लिहितो आहोत.

आपल्याला दिसते ते डोळ्यातल्या ऑप्सिन नावाच्या प्रथिनांमुळे. अ जीवनसत्त्वापासून बनणारा रेटिनल हा वाकडा रेणू त्यांच्यात बसलेला असतो. प्रकाश पडला की तो सरळ होतो आणि मेंदूकडे निरोप निघतो. शास्त्रज्ञ या प्रथिनांची विभागणी दोन प्रकारे करतात, वंशावळीने आणि कामाने. वर्गीकरण म्हटले की आपल्याला आधी जातीची उतरंड आठवते. इथे वर-खाली कुणी नाही, कोण कुणाच्या भावकीतले एवढेच पाहतात.

दोन्ही हिशेब जुळतातच असे नाही. २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले ते हॅलोआर्किया या खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे. या गटातल्या अनेकांकडेही रेटिनल धरणारे प्रथिन असते, घडणही आपल्यासारखीच. पण त्यातली काही पाहण्यासाठी नसून प्रकाशावर पंपासारखी चालतात. उलट आपल्याच डोळ्यातले मेलॅनॉप्सिन भावकीने माशीच्या डोळ्यातल्या प्रथिनाजवळचे! ते शरीराला दिवस-रात्र कळवते.

आता मुद्द्याचे. लाल आणि हिरवा ओळखणारी दोन ऑप्सिन म्हणजे सख्खी भावंडे. सुमारे तीन-चार कोटी वर्षांपूर्वी आपल्या माकड पूर्वजांत एका जनुकाची नक्कल झाली, त्यातून ही दोन आली. प्रत्येकात ३६४ अमिनो आम्ले, फरक जेमतेम पंधरा ठिकाणी. दोन्ही जनुके एक्स गुणसूत्रावर शेजारी-शेजारी. इतकी सारखी असल्याने बीजांड तयार होताना जोडी चुकते. एखादे गळते किंवा दोघांची सरमिसळ होते. ही चूक कित्येक पिढ्यांपूर्वीचीही असू शकते. मुलाला एक्स एकच मिळते, आईकडून. बाप वाय देतो. आईकडे दोन एक्स असल्याने तिला स्वतःला बहुधा सगळे रंग नीट दिसतात. तिला ते ठाऊक नसते, आणि थांबवताही आले नसते.

तरुणांनो, फॉर्म भरण्याआधी, खरे तर दहावीतच, सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात इशिहारा चाचणी करून घ्या. काही मिनिटांचे काम आहे. रंगदृष्टीची अट सगळ्याच पदांना नसते. आमचा तो मुलगा आता तलाठी भरतीच्या तयारीला लागला आहे.