पोत्याची परीक्षा दुधात

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केलेल्या देशव्यापी दूध सर्वेक्षणात ६,४३२ पैकी अवघे १२ नमुने घातक भेसळीचे निघाले, तर ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष मर्यादेबाहेर आढळले. तरीही चर्चा रंगली ती भेसळीचीच. हे विष दुधात कोणी मिसळत नाही. भुईमूग, सरकी किंवा खोबऱ्याच्या पेंडीला ओल लागली, की अ‍ॅस्परजिलस वर्गातील बुरशी तिच्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ तयार करते, गाईचे यकृत त्याचे एम-१ मध्ये रूपांतर करते, आणि दूध कितीही उकळले तरी ते जात नाही.

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील शिरगावसारख्या गावांत, जेथे पावसाळाभर हवेतला दमटपणा हटत नाही, तेथे पशुखाद्याचे पोते उघडून तोंडाजवळचे मूठभर खाद्य तपासणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय, कारण विष पोत्यात सारखे पसरत नाही, एखाद्याच गुठळीत साठते. अतिनील दिव्याखाली दिसणारी हिरवट-पिवळी चमकही खुद्द विषाची नसून त्याच बुरशीच्या दुसऱ्या एका द्रव्यामुळे येते. प्रतिपिंडांवर आधारलेल्या एलायझासारख्या चाचण्या आणि प्रयोगशाळेतील क्रोमॅटोग्राफी भरवशाच्या खऱ्या, पण नमुनाच चुकला तर यंत्र तरी काय करणार?

गाय मात्र सगळेच पोते खाते. दूषित खाद्य पोटात गेल्यावर दिवसभरातच एम-१ दुधात उतरते आणि खाद्य बदलल्यावर तीन-चार दिवसांत ओसरते. म्हणून दूध सोसायटीत जमा झालेल्या दुधाची चाचणी आधी करावी आणि दोष आढळल्यास गोठ्यागोठ्यापर्यंत माग काढावा, हाच मार्ग शहाणपणाचा ठरतो. संकलन केंद्रावर भाव ठरतो तो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे स्निग्धांश व इतर घनांशावर. त्या आकड्यांत विषाचा मागमूसही लागत नाही. भारतातील मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपातील तिच्या दशांश. एकत्रित दुधात एका गोठ्याचा दोष विरळ होतो हे लक्षात घेता, माग काढण्यासाठी युरोपची कडक मर्यादाच धरलेली बरी.

दुधाची साक्ष मात्र मुख्यतः अफ्लाटॉक्सिनपुरतीच चालते. परतीच्या पावसात भिजून तसाच रचलेला भाताचा पेंढा फ्युझेरियम बुरशीने काळवंडतो, आणि तो खाणाऱ्या म्हशींना देगनाला रोग होऊ शकतो. त्यात शेपटीचे टोक, कानाच्या कडा आणि खुरांभोवतीची कातडी सडत जाते. तेथे दुधाचा अहवाल निर्दोष आला तरी पशुवैद्याने शेपटी हातात धरून पाहावी आणि पेंढा कोणत्या उडवीतला, हे विचारावे.