मानसशास्त्राचे अध्यापन आणि व्यवसाय : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात

शरीराच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे जावे, हे आता दूरच्या वाडीवस्तीवरही कोणास सांगावे लागत नाही. मनाच्या दुखण्याची गोष्ट मात्र निराळी आहे. बाळंतपणानंतर आठवडा-दोन आठवडे न झोपणारी, अबोल झालेली, पोटच्या मुलाकडे न पाहणारी सून घरात असली, तर पहिला संशय येतो तो "बाहेरच्या बाधेचा". मग देवरुषी, अंगारा, गंडा-दोरा आणि नवस या वाटेने काही महिने जातात. वास्तविक प्रसूतीनंतरचा हा मनोविकार वैद्यकास चांगला परिचित आहे, आणि वेळीच उपचार झाल्यास तो बहुधा पूर्ण बरा होतो. महिने वाया जातात ते औषध नसल्यामुळे नव्हे. कोणाकडे जावे हे ठाऊक नसल्यामुळे.

दुसऱ्या बाजूस, याच सातारा व सांगली जिल्ह्यांतील अनेक महाविद्यालयांत मानसशास्त्र हा विषय शिकविला जातो. दरवर्षी तो घेऊन तरुण-तरुणी पदवीधर होतात. त्यांतील बहुतेकांपुढे एकच प्रश्न असतो : या पदवीचे पुढे काय करावयाचे? ज्यांना या विद्येची गरज आहे ते एका तीरावर आणि ज्यांनी ती शिकली आहे ते दुसऱ्या तीरावर, अशी ही स्थिती आहे. या दोहोंमधील पूल कसा बांधला जातो, त्यासाठी कोणते शिक्षण व कोणती नोंदणी लागते, आणि शिक्षक व पंचायत सदस्य यांना त्यात काय करता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

तत्त्वज्ञानाच्या छायेतून

स्वतंत्र शास्त्र म्हणून मानसशास्त्राचे वय फार नाही. जर्मनीतील लाइप्झिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये पहिली प्रयोगशाळा काढली, तेथून या शास्त्राचा आरंभ मानतात. भारतात कलकत्ता विद्यापीठाने १९१६ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. तथापि महाविद्यालयांतून हा विषय दीर्घकाळ तर्कशास्त्र व नीतिशास्त्र यांच्या जोडीने, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांकडूनच शिकविला जात असे. प्रयोगशाळा, उपकरणे व चाचण्या ही नंतरची गोष्ट होय.

सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९४७ मध्ये संस्थेचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय साताऱ्यात उभे राहिले. १९६२ मध्ये कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, आणि ज्या घरांतून पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते अशा घरांतील मुलामुलींना पुण्या-मुंबईस न जाता पदवी मिळविणे शक्य झाले. कला शाखेतील मानसशास्त्राचा वर्गही अशाच विद्यार्थ्यांनी भरला. हा विद्यार्थी मराठीतून शिकतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

भाषेचा प्रश्न

मराठीतून मानसशास्त्र शिकविण्यासाठी परिभाषा लागते. अवधान, वेदन, प्रेरणा, अबोध मन, अभिसंधान असे शब्द अभ्यासकांनी रूढ केले. सातारा जिल्ह्यातील वाई येथून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि इतर ज्ञानशाखांप्रमाणे मानसशास्त्राचे विवेचनही मराठी वाचकास उपलब्ध होऊ लागले.

परंतु पुस्तकातील परिभाषा ही अर्धीच भाषा होय. समोर बसलेला मनुष्य "मला चिंताविकार आहे" असे म्हणत नाही. तो म्हणतो, "जीव घाबरा होतो", "छातीत कालवल्यागत होतं", "कशातच मन लागत नाही", "डोकं जड झालंय". अशा शब्दांतून विकार ओळखणे आणि त्याच शब्दांत त्यास धीर देणे, हे ज्यास साधते तोच या भागात उपयोगी पडतो. माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या मातीत वाढलेल्या विद्यार्थ्याजवळ हे भांडवल उपजत असते. त्यास जोड हवी ती शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाची.

मोजमापाच्या बाबतीतही हेच खरे आहे. फ्रान्समध्ये बिने व सिमॉन यांनी तयार केलेली बुद्धिमापन चाचणी जशीच्या तशी आपल्या मुलांस लावता येत नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांवर प्रयोग करून १९३४ मध्ये तिचे भारतीय रूप सिद्ध केले. बिने-कामत कसोटी या नावाने ती देशभर वापरली गेली. वर्गात शिकविणारा संशोधक आणि प्रत्यक्ष मुलांची तपासणी करणारा व्यवसायी यांचे काम परस्परांस कसे पूरक असते, याचे हे आपल्याच परिसरातील उदाहरण होय. पुण्यात डॉ. अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापिलेल्या ज्ञान प्रबोधिनीनेही मानसशास्त्राचा शिक्षणाशी असाच सांधा जोडला.

अध्यापनाचा मार्ग

महाविद्यालयात अध्यापन करू इच्छिणाऱ्याने मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, अथवा नियमांनुसार पीएच.डी. मिळवावी लागते. कनिष्ठ महाविद्यालयासाठी पदव्युत्तर पदवीबरोबर बी.एड. आवश्यक असते. अध्यापक महाविद्यालयांतही शैक्षणिक मानसशास्त्र हा अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग असल्याने तेथे या विषयाच्या जाणकारास स्थान आहे.

हा मार्ग सन्मानाचा असला तरी अरुंद आहे, हे विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवू नये. एका महाविद्यालयात या विषयाची पदे एक-दोनच असतात. पद रिक्त होऊन भरले जाईपर्यंत अनेक पात्र उमेदवार तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे काम करीत राहतात. यास्तव केवळ प्राध्यापकपदावर दृष्टी ठेवून हा विषय निवडणे शहाणपणाचे नाही. व्यवसायाचा मार्ग कोणता, हे पदवीच्या पहिल्या वर्षीच विद्यार्थ्यास ठाऊक असावयास हवे.

व्यवसायाचा मार्ग : तीन निरनिराळ्या व्यक्ती

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या तीन व्यक्तींमधील भेद सुशिक्षितांसही पुष्कळदा स्पष्ट नसतो.

पहिला, मानसोपचारतज्ज्ञ. हा वैद्यकीय पदवीधर असून मनोविकारशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. रोगाचे निदान करून औषधे लिहून देण्याचा अधिकार त्यास आहे.

दुसरा, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजेच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. हा औषधे देत नाही. मानसशास्त्रीय चाचण्यांच्या साहाय्याने तपासणी करणे व संवादाधिष्ठित मानसोपचार करणे हे त्याचे कार्य. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये त्याची व्याख्या दिलेली असून भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली अर्हता तीत आवश्यक ठरविली आहे. अनेक वर्षे ही अर्हता म्हणजे एम.ए. नंतर रुग्णालयातील देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह दोन वर्षांचा पूर्ण वेळ एम.फिल. अभ्यासक्रम होय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर एम.फिल. ही पदवी मागे पडत असून परिषदेने नवे अभ्यासक्रम आखले आहेत. म्हणून कोठेही प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेस व अभ्यासक्रमास परिषदेची मान्यता आहे किंवा नाही, हे विद्यार्थ्याने स्वतः पडताळून पाहावे. पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ अन्वये नोंदणीवाचून असा व्यवसाय करणे हा दंडनीय अपराध असून त्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

तिसरा, समुपदेशक. शाळा, महाविद्यालये, कौटुंबिक न्यायालये, बालसंरक्षण यंत्रणा, व्यसनमुक्ती केंद्रे येथे तो काम करतो. ऐकून घेणे, मार्ग दाखविणे आणि गरज पडल्यास वरील दोघांकडे पाठविणे ही त्याची कर्तव्ये. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम २०२१ मध्ये वर्तन-आरोग्याशी संबंधित व्यवसायांचाही समावेश केलेला आहे.

प्रारंभी उल्लेखिलेल्या सुनेचे उदाहरण घेतल्यास, तिला प्रथम मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले पाहिजे. झोप व आहार सावरल्यावर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ तिच्याशी बोलून तिला आधार देईल. सासर-माहेरची समजूत घालण्याचे, औषध मध्येच बंद पडू न देण्याचे काम समुपदेशकाचे. तिघांपैकी एकाने दुसऱ्याची जागा घेऊ पाहिली तर हानी रुग्णाची होते. केवळ एम.ए. झालेल्याने दारावर पाटी लावून गंभीर मनोविकारावर उपचार सुरू करणे हे म्हणूनच धोक्याचे आहे.

या जिल्ह्यांची गरज

निम्हान्स या बंगळूर येथील राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तथापि निष्कर्ष आपणही विचारात घ्यावेत असेच आहेत. दर दहा प्रौढांपैकी सुमारे एकास त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते.

सातारा-सांगलीच्या वाट्यास आपत्तीही कमी आलेल्या नाहीत. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयना भूकंपाने पाटण तालुका हादरला. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. पडलेले घर पुन्हा बांधता येते. परंतु पावसाचा आवाज वाढताच दचकून उठणाऱ्या मुलाचे मन सावरण्यास वेगळे कौशल्य लागते. पूर्वेकडील तालुक्यांतील अवर्षण, द्राक्षबागेवरील कर्ज, सीमेवर असलेल्या जवानाच्या घरातील काळजी, हेही मनावरचे ओझेच आहे.

या भागास या कामाची परंपराही आहे. साताऱ्यात जन्मलेले आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. साताऱ्यात परिवर्तन ही व्यसनमुक्ती संस्थाही त्यांनीच उभी केली. अंगात येणे, भानामती यांमागे अनेकदा मनाचे दुखणे असते, हे त्यांनी गावोगावी समजावून सांगितले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साताऱ्यातील हे काम पुढे चालू राहिले, आणि सामान्य कार्यकर्त्यांना मनाच्या प्रथमोपचाराचे शिक्षण देणारी "मानसमित्र" ही कल्पना त्यातून आकारास आली.

वर्ग आणि दवाखाना

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. शेजारच्या कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमार्फत मनोरुग्णांवर उपचार करण्याचा प्रयोग झाला, आणि त्याच्या अनुभवावरून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आखण्यात आला. मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता व परिचारिका यांचा गट जिल्ह्यात असावा, अशी त्याची रचना आहे. योजना कागदावर पूर्ण असली तरी प्रशिक्षित माणसे पुरेशी मिळाल्यावाचून ती गावापर्यंत पोहोचत नाही. ही माणसे तयार होण्याचा आरंभ महाविद्यालयाच्या वर्गातच होतो.

म्हणून मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्या वर्गाचे दार रुग्णालयाकडे उघडले पाहिजे. विद्यार्थ्यांना शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागाची ओळख करून देणे, मानसोपचारतज्ज्ञांची व्याख्याने ठेवणे, महाविद्यालयाचा समुपदेशन कक्ष नावापुरता न राहू देणे, विशेष मुलांच्या शाळांत प्रात्यक्षिके घेणे, या गोष्टींस मोठा खर्च लागत नाही. उलट, प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्याने आपला अनुभव वर्गात येऊन सांगितला तर पुस्तकातील प्रकरण जिवंत होते.

शिक्षक आणि पंचायत

प्राथमिक शिक्षकास मुलाच्या मनातील बदल सर्वांआधी दिसतो. हुशार मूल एकाएकी मागे पडले, अक्षरे सतत उलटसुलट लिहू लागले, गप्प झाले, तर त्यास आळशी न म्हणता पालकांशी बोलावे व तपासणीचा सल्ला द्यावा. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांस विहित प्रमाणपत्रावर शालान्त परीक्षेत सवलती मिळतात, हेही पालकांस सांगावे.

पंचायत सदस्यांनी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. मनोरुग्णास साखळदंडाने बांधून ठेवण्यास २०१७ च्या अधिनियमाने मनाई केली आहे. शासनाकडून चालविल्या जाणाऱ्या वा अर्थसाहाय्य मिळणाऱ्या सेवांतून मानसिक उपचार मिळविणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे कायदा गृहीत धरतो. त्यास शिक्षेची नव्हे, तर शुश्रूषेची व पुनर्वसनाची आवश्यकता असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहून ठेवण्यास एक खडू पुरे.

मानसशास्त्राचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या मुलामुलींस "याला वाव नाही" असे म्हणून परावृत्त करू नये. तसेच पदवी मिळताच व्यवसाय सुरू होईल, अशी खोटी आशाही दाखवू नये. वाट लांबची आहे, पण ती आपल्याच गावाकडे परत येणारी आहे. ज्या दिवशी या दोन जिल्ह्यांतील एखाद्या वाडीवरची आजारी सून अंगाऱ्याची वाट न पाहता आठवड्याच्या आत दवाखान्यात पोहोचेल, आणि तेथे तिच्याच बोलीत तिची विचारपूस करणारे प्रशिक्षित माणूस तिला भेटेल, त्या दिवशी वर्गात शिकविलेली ही विद्या सार्थकी लागली असे म्हणता येईल.