शेतातील कॅमेरायंत्रास प्रोसेसर कोणता निवडावा?

सन २००८ च्या खरीप हंगामात मराठवाडा व विदर्भात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. कीड वेळेवर दृष्टीस पडणे किती मोलाचे असते, याची जाणीव त्यामुळे सर्वांस झाली. पुढे सन २००९-१० पासून राज्यात कीड-रोग सर्वेक्षणाचा ‘क्रॉपसॅप’ प्रकल्प सुरू झाला. तथापि सर्वेक्षण करणारा माणूस रोज प्रत्येक शिवारात पोहोचू शकत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी सापळ्यातील पतंग मोजणारी व पिकातील तण ओळखणारी कॅमेरायंत्रे आता मिळू लागली आहेत. अशा यंत्रात कॅमेरा हा डोळा होय. त्याने टिपलेल्या चित्राचा अर्थ लावणारी जी चिप असते, तिला प्रोसेसर म्हणतात. तुळजापूर तालुक्यातील एखाद्या शेतकरी गटाने असे यंत्र घेण्याचे योजिल्यास प्रोसेसर किती शक्तिमान आहे, हा प्रश्न मागाहून विचारावा. यंत्राने उत्तर किती वेळात द्यावयाचे आहे, हे आधी ठरवावे.

तूर व हरभऱ्यावरील घाटेअळीच्या पाहणीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावण्याची शिफारस आहे. पतंग रात्री येतात. सकाळी एक छायाचित्र घेऊन त्यांची मोजदाद झाली म्हणजे काम भागते. या हिशेबास दहा सेकंद लागोत की दोन मिनिटे, पिकाचे काही बिघडत नाही. छायाचित्र केवळ घेऊन पाठवावयाचे असेल, तर ‘ईएसपी३२’ सारखी स्वस्त चिप पुरते. मात्र तिच्या अंगची स्मरणशक्ती अवघी ५२० किलोबाइट असल्यामुळे मोठ्या छायाचित्रातील बारीक पतंग तिनेच मोजावेत, ही अपेक्षा धरू नये. बालाघाटाच्या घड्यांत जेथे मोबाइलला रेंज मिळत नाही, तेथे मोजणी जागच्या जागीच व्हावयास हवी. त्यासाठी ‘रास्पबेरी पाय’ जातीचा छोटा संगणक बसवून तो दिवसातून एकदाच, दोन-चार मिनिटे जागा करणे सोयीचे असते.

जागे करण्याचा हा मुद्दा क्षुल्लक नव्हे. पाठीवरच्या फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी सर्वांच्या परिचयाची आहे. तीत ९६ वॅट-तास वीज साठते. सतत १० वॅट खाणारा प्रोसेसर ती दहा तासांच्या आतच रिकामी करील. तोच प्रोसेसर दिवसाकाठी ३ मिनिटे चालविला, तर अर्धा वॅट-तास पुरतो. उरलेला वेळ वीजपुरवठा मुळापासून तोडणारे घड्याळ यंत्रात आहे काय, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे. कारण नुसत्या ‘झोपेत’ही पुष्कळ यंत्रे थोडीथोडी वीज खातच असतात.

नवीन प्रोसेसर विकत न घेताही काम होऊ शकते, याचे उदाहरण मुंबईच्या वाधवानी कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेने घालून दिले आहे. तिच्या ‘कॉटनएस’ या ॲपमध्ये कापसाच्या सापळ्यातील बोंडअळीच्या पतंगांचे छायाचित्र मोबाइलवर घेतले जाते आणि मोजणी होऊन सल्ला मिळतो. ओळखीचा आराखडा आकाराने आटोपशीर केला, म्हणजे साधा मोबाइलही पुरतो. आराखड्यातील आकडे ३२ बिटांऐवजी ८ बिटांत मांडले, तर तो एकचतुर्थांश होतो. अचूकता मात्र पुन्हा तपासून घ्यावी लागते.

चालत्या फवारणी यंत्राची गोष्ट अगदी निराळी. ताशी ३.६ किलोमीटर वेगाने चालणारा ट्रॅक्टर सेकंदाला १ मीटर पुढे जातो. सोयाबीनच्या ओळीत दोन रोपांतील अंतर ५ सेंटिमीटर धरले, तर अर्ध्या सेकंदाच्या विलंबाने औषध दहा रोपे पुढे पडते. असा विलंब नेहमी सारखाच असेल, तर नोझल कॅमेऱ्याच्या मागे तितक्या अंतरावर बसवून भागते. परंतु विलंब कधी पाव सेकंद, कधी पाऊण सेकंद असा बदलता असेल, तर कोणतीही जुळवणी उपयोगी पडत नाही. म्हणून विक्रेत्यास सरासरी वेळ न विचारता जास्तीत जास्त वेळ विचारावा. अमेरिकेत जॉन डिअर कंपनीच्या ‘सी अँड स्प्रे’ यंत्राच्या लांब दांड्यावर ३६ कॅमेरे असतात. तेवढ्या चित्रांस भारी प्रोसेसर लागणारच. चार ओळींच्या यंत्रास त्याचे अनुकरण करण्याचे कारण नाही.

माहितीपत्रकांवर ‘टॉप्स’ हा आकडा ठळक छापलेला असतो. एका सेकंदात किती लक्ष कोटी क्रिया होतात, हे तो सांगतो. पण ‘जेटसन ओरिन नॅनो’ या संचाचा हाच आकडा डिसेंबर २०२४ मध्ये ४० वरून ६७ झाला. हा बदल मुख्यतः नव्या आज्ञावलीने व वेग वाढवून साधला, आणि त्यासाठी विजेची मर्यादा १५ वरून २५ वॅटवर गेली. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर हे चालेल; सापळ्याच्या खांबावर नव्हे.

उष्णतेकडे दुर्लक्ष झाल्याने चांगले यंत्रही निकामी ठरते. मे महिन्यात बंद डब्यातील हवा बाहेरच्यापेक्षा पुष्कळ तापते. ‘रास्पबेरी पाय’ ८० ते ८५ अंश सेल्सिअसला पोहोचला की आपला वेग आपणच कमी करतो. म्हणजे सकाळी बरोबर पडणारा फवारा दुपारी चुकू लागतो. पावसासाठी डबा बंद हवा, पण त्यावर पांढरा रंग व सावलीचे छप्पर असावे. पंखा शक्यतो टाळावा, कारण काळ्या रानातील धूळ त्यात लवकर बसते.

खरेदीपूर्वी यंत्र पंधरा दिवस आपल्याच शेतात लावून घ्यावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने रोज सकाळी सापळ्यातील पतंग हाताने मोजून तो आकडा यंत्राच्या आकड्याशेजारी वहीत लिहावा. ज्या पतंगांविषयी संशय वाटेल, ते कागदी पुडीत घालून तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात ओळखीसाठी न्यावेत.